मानवशास्त्राचं एम.ए. नाशिकला हवं, पण पाड्यावर उतरणारं

अनुसूचित जमातीचा दाखला पडताळणीसाठी गेला की कागदपत्रांबरोबर अर्जदाराची आणखी एक परीक्षा होते. कुलदैवत कोणतं, सण कोणते पाळता, लग्न कोण लावतं, देज म्हणजे वधूमूल्य देतात का, मयताला जाळतात की पुरतात, घरात कोणती बोली बोलता. याला आप्तभाव चाचणी म्हणतात. तिचं मूळ 1994 च्या माधुरी पाटील खटल्यात आहे. खटला महादेव कोळी जमातीच्या दाव्याचाच होता. पडताळणी समितीत जमाती ओळखण्याची सखोल जाण असलेला संशोधन अधिकारी असावा आणि दक्षता पथकाने जमातीची मानवशास्त्रीय वैशिष्ट्यं, देवदेवता, विधी, लग्नाची आणि अंत्यविधीची रीत तपासावी, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलं. म्हणजे एखाद्या पोराचा वैद्यकीयचा प्रवेश किंवा एखाद्या कारकुनाची नोकरी टिकते की जाते, हे ठरवताना आपण एका शास्त्राचा, मानवशास्त्राचा, आधार घेतो. ते शास्त्र शिकलेली माणसं या कामावर किती असतात, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

शास्त्र न शिकता त्याची प्रश्नावली हातात धरली की काय होतं, हे सांगायला फार डोकं लागत नाही. सुरगाण्याच्या कोकणा कुटुंबातला मुलगा, वडील शिक्षक, जन्म आणि शिक्षण पंचवटीत. त्याला वाघबारशीला गुराखी काय करतात हे माहीत नसणार. घरात प्रमाण मराठी बोलतात, लग्न मंगल कार्यालयात झालं. चाचणीत तो पडतो. उलट ज्याने उत्तरं पाठ केली तो पास होतो, कारण प्रश्न वर्षानुवर्षं तेच असतात आणि उत्तरं जुन्या गॅझेटियरमध्ये छापलेली असतात. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने महाराष्ट्रातल्याच ठाकूर जमातीच्या प्रकरणात सांगितलं, की आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नव्हे. स्थलांतर, शिक्षण, शहरी राहणी यांमुळे रीती बदलतात, हे न्यायालयाला सांगावं लागलं. मानवशास्त्राच्या पहिल्या सत्रातला विद्यार्थी ते पहिल्या महिन्यात शिकतो.

नाशिकसाठी ही गोष्ट दूरची नाही. राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय याच शहरात आहे. आदिवासी विकास महामंडळाचं मुख्यालय इथेच आहे, पडताळणी समिती आहे, आदिवासी विकास प्रकल्पाची नाशिक आणि कळवण अशी दोन कार्यालयं आहेत. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्यात दर चार माणसांमागे एकाहून थोडा अधिक, 25.6 टक्के, अनुसूचित जमातीचा होता. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांत हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर. कोकणा, कोळी महादेव, वारली, भिल्ल, ठाकर, शिवाय विशेष असुरक्षित गटात मोडणारे कातकरी. शहरात दोन राज्यव्यापी विद्यापीठं आहेत, मुक्त विद्यापीठ आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ. पुणे विद्यापीठाचं उपकेंद्रही आहे. इतकं सगळं असून मानवशास्त्रात पदव्युत्तर शिकायचं म्हटलं की नाशिकचा पोरगा पुण्याची गाडी पकडतो.

वाट तशी अवघड नाही. अनेक विद्यापीठांत कोणत्याही शाखेचा पदवीधर या विषयाला चालतो, बी.ए. मराठी झालेली मुलगी आणि बी.एस्सी. प्राणिशास्त्र झालेला मुलगा एकाच बाकावर बसतात. पुण्यात विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, हैदराबाद किंवा दिल्लीसारख्या केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी पीजी ही सामाईक प्रवेश परीक्षा. घर सोडता येत नसेल तर इग्नूचं दूरशिक्षणातलं एम.ए. अडतं ते पैशापाशी आणि इंग्रजीपाशी. स्वयम् योजनेतून वसतिगृहाबाहेर राहणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्याला भत्ता मिळतो, पण हप्ता उशिरा आला की पुण्यातला खोलीमालक थांबत नाही. सुरगाण्याहून नाशिक नव्वदएक किलोमीटर, तिथून पुणे आणखी दोनशेवर. ज्या घरातली माणसं दिवाळीनंतर द्राक्षबागेत कामाला जातात, त्या घरातून दोन वर्षं एक कमावता हात बाहेर काढणं सोपं नसतं.

तरी या विषयाचं नाव आपल्याकडे बऱ्याच पोरांना माहीत असतं. स्पर्धा परीक्षेमुळे. यूपीएससीला मानवशास्त्र हा वैकल्पिक विषय घेतला की 250 गुणांचे दोन पेपर, एकूण 500 गुण. अभ्यासक्रम आटोपशीर, आकृत्या काढता येतात, म्हणून क्लासवाले तो हिरिरीने विकतात. पोरांनी तो घेऊ नये असं कोण म्हणेल. पण त्या तयारीतून जो मानवशास्त्र शिकतो त्याला रक्तसंबंधाची आकृती काढता येते आणि एका खऱ्या घराची वंशावळ मांडता येत नाही. ओडिशातल्या डोंगरिया कोंधांवर दहा ओळी तोंडपाठ, आणि नाशिकच्या पेठ फाट्यावर सकाळी कामासाठी उभी असलेली माणसं कुठल्या पाड्याची, हे ठाऊक नाही. नाशिकमध्ये अभ्यासक्रम निघाला आणि तो क्लासचं शेपूट झाला, तर न निघालेला बरा.

तो वेगळा कशाने होईल? क्षेत्रकार्याने. या विषयात क्षेत्रकार्य म्हणजे सहल नव्हे, प्रयोगशाळा आहे, आणि ती दोनशे किलोमीटरवर असून चालत नाही. सध्या बहुतेक ठिकाणी क्षेत्रकार्याचं शिबिर सत्राच्या सोयीने लागतं, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत दहापंधरा दिवस. आता नाशिकच्या पश्चिम पट्ट्याचं वर्ष बघा. उन्हाळ्यात राब भाजायचा, म्हणजे पालापाचोळा जाळून रोपाची जागा तयार करायची, जूनमध्ये त्यावर नागली-भाताचं रोप टाकायचं, पाऊस लागला की लावणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरांची गरज वाढते. डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी, मग काढणी. पावसाळ्यात अडीअडचणीला घेतलेली उचल फेडायला घरं निघतात. जानेवारीत पाड्यावर गेलेल्या विद्यार्थ्याला म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं भेटतात. तो लिहितो, ‘गावात वृद्धांचं प्रमाण लक्षणीय आहे.’ आकडा खरा असतो आणि निष्कर्ष साफ चुकीचा. जवळ राहणारा विद्यार्थी तेच घर जुलैत लावणीला, मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाच्या वेळी आणि फेब्रुवारीत बागेतल्या पत्र्याच्या खोलीत, असं तीनदा पाहू शकतो.

दुसरी चूक पहिल्याच दिवशी होते. महसुली गाव एक असतं, पण वस्ती चारसहा पाड्यांत विखुरलेली. विद्यार्थी रस्त्यालगतच्या पाड्यावर उतरतो, सरपंचाच्या किंवा गुरुजींच्या घरी राहतो आणि तिथल्याच वीस घरांत माहिती भरतो. शाळा, दुकान, डांबरी रस्ता त्याच पाड्यावर, म्हणून बरी परिस्थितीही तिथेच. ओढ्यापलीकडच्या पाड्याचं नाव अहवालात येतच नाही. म्हणून आधी पाड्यांची यादी करायची, प्रत्येक पाड्याचं चालत अंतर आणि पाण्याची जागा नकाशावर टाकायची, आणि मगच घरयादी.

घरयादीतही गोम आहे. जनगणनेत कुटुंब म्हणजे एका सामाईक स्वयंपाकघरातून जेवणारी माणसं, सोप्या भाषेत एक चूल. रेशनकार्डावरचं कुटुंब वेगळं, घरकुलाच्या यादीतलं तिसरंच. लग्न झालेल्या मुलाचं कार्ड वेगळं असतं आणि ताट आईकडेच असतं. ग्रामपंचायतीची यादी उतरवून काढली की कुटुंबं फुगतात, माणशी जमीन कमी दिसते, आणि एकत्र कुटुंब मोडत चालल्याचा शोध लागतो. दारात उभं राहून एकच विचारायचं, काल रात्री कुणाकुणाची भाकरी एकत्र झाली.

वंशावळीचं तंत्र रिव्हर्स या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञाने 1898 च्या टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत पक्कं केलं. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला दोन समांतर रेघा. कागदावर दहा मिनिटांत येतं. पाड्यावर ते असं फसतं. ‘भाऊ किती?’ विचारलं की चुलतेही मोजले जातात, कारण बोलताना चुलत भाऊ हा भाऊच असतो. म्हणून आईवार विचारायचं, एका आईच्या पोटची किती, हयात किती, गेलेली किती. लहानपणी दगावलेली लेकरं आपणहून कुणी सांगत नाही. लग्न होऊन गेलेल्या बहिणी आणि आत्या सुटतात, म्हणून प्रत्येक पिढीत ‘मुली कुठे दिल्या?’ हा प्रश्न वेगळा. बायका नवऱ्याचं, कधी सासऱ्याचंही नाव घेत नाहीत. तिथे हट्ट धरायचा नसतो, नणंदेला किंवा पोराला विचारायचं. घरजावई असेल तर जमीन कुठल्या रेषेने आली हे वेगळ्या शाईने. एका घराला सहज दीड-दोन तास जातात आणि दुसऱ्या माणसाकडून ती पडताळायला आणखी तेवढेच.

हे काम नुसतं परीक्षेसाठी नाही. वनहक्क कायद्याच्या 2008 च्या नियमांत पुराव्यांची यादी आहे. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन तिथे पुरावा आहे, जुन्या नोंदीतल्या माणसापर्यंत पोहोचणारी वंशावळ पुरावा आहे, आणि भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणासारख्या मान्यवर संस्थेने केलेलं रूढींचं दस्तऐवजीकरणही आहे. एकाहून अधिक पुरावे जोडावे लागतात. मार्च 2018 मध्ये सुरगाणा-पेठ-दिंडोरीची माणसं नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेली, त्यात वनजमिनीचा प्रश्न अग्रभागी होता. दावा फेटाळला जातो तेव्हा पुष्कळदा कागद अपुरा असतो. हक्क खोटा असतोच असं नाही. असा कागद नीट तयार करणारं माणूस तालुक्याला दोन जरी असलं, तरी ग्रामसभेच्या वनहक्क समितीचं ओझं हलकं होईल.

शारीरिक मानवशास्त्राची गत तीच. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की ते तीव्र कुपोषित. खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर खूण करायची, डावा हात सैल सोडलेला, फीत कातडीला टेकलेली पण रुतणारी नाही. घाईत मध्य चुकतो, रडणारं बाळ हात आखडतं, फीत आवळली जाते, आणि तीन-चार मिलिमीटरच्या फरकाने एक मूल यादीत येतं किंवा यादीबाहेर जातं. एकाच बाळाचं माप दोघांनी एकमेकांचं न पाहता घ्यायचं आणि फरक ताडायचा, ही सवय लागायला शंभरेक मापं हातून जावी लागतात. आरोग्य विद्यापीठ ज्या शहरात आहे तिथे हे प्रशिक्षण एकत्र घेता येणार नाही, असं म्हणायला कारण नाही.

संमतीचं एक. विद्यापीठाच्या छापील नमुन्यावर सही किंवा अंगठा मागितला जातो. ज्या माणसांच्या जमिनी आणि उचली अंगठ्यावर गेल्या, त्यांच्यापुढे शाईचा पॅड ठेवणं हा अडाणीपणा आहे, आपला. तोंडी संमती साक्षीदारासमोर त्यांच्या बोलीत घ्यायची आणि ध्वनिमुद्रित करायची. पाड्याच्या बैठकीत आधी सांगायचं. बोली आली पाहिजे हे ओघानेच आलं. एका तासाची मुलाखत उतरवायला पाच-सहा तास लागतात, कोकणा बोली न कळणाऱ्याला त्याहून बरेच जास्त, आणि शेवटी तो प्रमाण मराठीत स्वतःला समजलेलं लिहितो. इथेच आदिवासी विद्यार्थ्याचं पारडं जड आहे. सध्याची व्यवस्था मात्र त्याच्याच रस्त्यात इंग्रजी उत्तरपत्रिका आडवी टाकते.

मानवशास्त्र म्हणजे आदिवासींचा अभ्यास ही समजूतही इथे सहज मोडेल. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडच्या वह्या घ्या. गावागावाचे यजमान, आलेल्याचं नाव, बापाचं, आजाचं, सोबत कोण, कशासाठी आले, खाली सही. पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ आयती, पण बहुतांश पुरुषांची, आणि जे तीर्थाला येऊ शकले त्यांचीच. या वहीतली एक वंशावळ आणि त्याच घरात बसून काढलेली दुसरी शेजारी ठेवली, की कोण नोंदलं जातं आणि कोण नाही याचा धडा वेगळा शिकवायला नको. सिंहस्थात शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला आणि वैष्णवांचे तीन नाशिकला का उतरतात, शाहीस्नानाचा क्रम कसा ठरतो, साधुग्रामसाठी शेत देणारा शेतकरी काय बोलतो. लासलगावच्या कांदा लिलावात ट्रॅक्टरभोवतीच्या गर्दीत भाव कसा फुटतो. मालेगावच्या मागावर रात्रपाळीचं घर कसं चालतं. आणि गंगापूरला गोदावरीच्या काठी पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळियांना अश्मयुगीन हत्यारं मिळाली, 1950-51 मध्ये नाशिकला उत्खनन झालं. पुरातत्त्वाचा पेपर शिकवायला स्लाइड कशाला?

आक्षेप एक खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. हे शास्त्र साहेबाने राज्य चालवायला वापरलं. 1901 च्या जनगणनेचा आयुक्त रिस्ले नाकं मोजून जातींची उतरंड लावत होता. 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. पण त्याच शास्त्राच्या आतून उलट उत्तरही आलं आहे. इरावती कर्वे बर्लिनला कवट्या मोजायला गेल्या, आणि गुरूला हवा असलेला वंशश्रेष्ठत्वाचा निष्कर्ष मापांतून निघत नाही, असं त्यांनी मांडलं. आज ज्यांच्यावर अभ्यास झाला त्यांची नातवंडं नोंदवही हातात घ्यायला तयार आहेत. त्यांना ‘हे शास्त्र वसाहतवादी आहे’ असं सांगून दार लावणं हा मला तरी सोयीचा पुरोगामीपणा वाटतो. त्या वहीत पहिली नोंद पडताळणी समितीच्या कार्यालयाची झाली, तर आणखी चांगलं.

अभ्यासक्रम बांधायला नवं काही शोधायचं नाही. नव्या शैक्षणिक धोरणात महाराष्ट्रातल्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला 88 श्रेयांक (क्रेडिट) आहेत, त्यात कार्यानुभवाचे 4, म्हणजे 120 तास, आणि संशोधन प्रकल्पाचे 10. हे 120 तास प्रकल्प कार्यालयात फायली लावण्यात न घालवता वनहक्क समितीकडे लावावेत. तुकडी वीसच्या वर नको. साठ घरांच्या पाड्यावर चाळीस पोरं उतरली की गाव पाहुण्यांना कंटाळतं आणि तिसऱ्या दिवशी उत्तरं ठरावीक यायला लागतात. दोघादोघांच्या दहा जोड्या, दहा पाडे, आणि पुढच्या वर्षीची तुकडी त्याच पाड्यांवर, म्हणजे जुन्या नोंदी तपासता येतात. अहवालाची प्रत पाड्यावर वाचून दाखवल्याशिवाय गुण द्यायचे नाहीत. मराठी पाठ्यसाहित्य मुक्त विद्यापीठाने तयार करावं. घरबसल्या शिकणाऱ्यांसाठी पुस्तकं लिहिण्याचा त्यांचा अनुभव 1989 पासूनचा आहे.

राहिला पोटाचा प्रश्न. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन जेआरएफ ही संशोधनाची अधिछात्रवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, पुढे 42,000. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी 750 राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहेत. पण नेटचा पेपर इंग्रजी-हिंदीत, आणि पास होऊनही शिकवायला महाविद्यालयं कमी, कारण विषयच कमी ठिकाणी आहे. मानवशास्त्र सर्वेक्षणाचं राज्यातलं केंद्र नागपूरला, आदिवासी संशोधन संस्था पुण्यात, जागा मोजक्या. प्राध्यापकीच्या आशेवर कुणाला या विषयाकडे ओढणं अप्रामाणिक ठरेल. म्हणून मागणी दोन कागदांची करावी लागेल आणि एकाच वेळी: विद्यापीठाकडे अभ्यासक्रमाची, आणि आदिवासी विकास विभागाकडे सेवाप्रवेश नियमांतल्या बदलाची. पडताळणी समितीचा संशोधन अधिकारी आणि प्रकल्प कार्यालयातली सर्वेक्षणाची पदं, यांना क्षेत्रकार्यासह मानवशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि जिल्ह्यातली एक आदिवासी बोली ही अर्हता लावावी. दुसरा कागद हलला नाही तर पहिल्याच्या तुकड्या तीन वर्षांत रिकाम्या पडतील, आणि ‘विद्यार्थीच येत नाहीत’ म्हणून अभ्यासक्रम बंद करायला सगळे मोकळे.